पाळ कोणी राखायची?



गुरुजींच्या नावानं चालणाऱ्या या व्याख्यानमालेत तुम्ही मला बोलावलंत, हा मी माझा मोठा मान समजतो. विषय निवडायचं काम संयोजकांनी माझ्यावर सोपवलं, तेव्हा मला फार शोधावं लागलं नाही. माझी सारी नोकरी लहान धरणांच्या कामात गेली आणि गुरुजींची सारी हयात एका मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावाखालच्या शाळेत गेली. म्हणून आज मातीच्या लहान धरणाविषयी बोलतो.

धरण म्हटलं की लोकांना कोयना आठवते, जायकवाडी आठवते, आपल्या भागात गोसेखुर्द आठवतं. पण आपली ही झाडीपट्टी शेकडो वर्षं जगली ती लहान धरणांवर. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून सहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत. बोड्या, म्हणजे शेतातली लहान तळी, त्याहून वेगळ्या. यातला प्रत्येक तलाव म्हणजे मातीचं एक धरण आहे. एका बाजूला टेकडी आणि जंगल, दुसऱ्या बाजूला धानाच्या बांध्या, आणि दोहोंच्या मध्ये माती टाकून उभारलेली पाळ.

मला आज एकच गोष्ट सांगायची आहे. मातीचं धरण एकदा बांधून झालं असं कधी होत नाही. ते दरवर्षी थोडं थोडं बांधत राहावं लागतं. आणि हे दरवर्षीचं काम तोच माणूस मनापासून करतो, ज्याचा त्या पाण्यावर हक्क असतो. हक्क एकाकडे आणि राखण दुसऱ्याकडे गेली, की पाळ खचायला लागते. आपल्या तलावांचा गेल्या पाऊणशे वर्षांचा इतिहास याची साक्ष देतो.

आधी हे तलाव आले कुठून, ते पाहू. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजांनी जंगल तोडून जमीन लागवडीखाली आणणाऱ्यांना आणि तलाव बांधणाऱ्यांना जमिनी दिल्या, आणि ज्यानं तलाव बांधला त्याला त्या तलावाच्या पाण्याखाली येईल तेवढी जमीन मिळे, असं परंपरा सांगते. या कामात कोहळी समाज पुढे होता. धान आणि ऊस पिकवणारे हे शेतकरी जमिनीचा उतार नजरेनं ओळखण्यात निष्णात होते. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला. जुन्या नोंदींत त्याचा घेर सुमारे 17 मैल दिला आहे. लोकांनी या माणसाला देवपण दिलं. कोलासूर या नावानं त्याचं ठाणं तलावाकाठच्या टेकडीवर आहे. भोवतालच्या सात टेकड्यांना सात बहिणी म्हणतात. मजूर संध्याकाळी घरी गेले, की रात्री या बहिणी येऊन पाळीवर माती टाकत, अशी कथा आहे. टेकडीवरचे पांढरट पिवळे दगड म्हणजे त्यांच्या मातीच्या टोपल्या, असंही जाणती माणसं सांगतात.

या कथेचा मला फार आदर वाटतो. पाळ एका माणसाच्या हातून होत नाही, दिवसाच्या मजुरीतही ती पुरी होत नाही, तिच्यासाठी न मोजलेले हात लागतात, हे ज्यांना ठाऊक होतं त्यांनीच ही कथा रचली. गाव ज्या माणसाला देव मानतं त्यानं जन्मभर मातीच्या टोपल्या उचलवल्या होत्या, हे आपल्या भागाचं मोठेपण आहे.

या तलावांची मांडणीही पाहण्यासारखी आहे. वरच्या तलावाच्या सांडव्यातून वाहिलेलं पाणी खालच्या तलावात येतं, तिथून त्याच्या खालच्या. जंगलातून निघालेलं पाणी असं पायरीपायरीनं उतरत नदीला मिळतं. आपल्याकडे पाऊस कमी नाही. विदर्भाच्या या पूर्व भागात तो महाराष्ट्राच्या पठारी जिल्ह्यांपेक्षा पुष्कळ जास्त पडतो. पण धानाला पाऊस किती पडला याच्याइतकंच तो कधी पडला याचंही मोल असतं. पऱ्हे तयार आहेत, रोवणी अडली आहे आणि आभाळ कोरडं आहे, असं एखादं वर्ष येतं. त्याहून कठीण वेळ असते ती हस्त नक्षत्राची. धान गर्भात असतो, लोंबी बाहेर यायची असते आणि तेव्हाच पाऊस पाठ फिरवतो. अशा वेळी एक पाणी मिळालं तर घरात धान येतो, नाही मिळालं तर तणीस हाती लागते. आपले तलाव बारमाही ओलितासाठी बांधलेलेच नाहीत. ते या एका पाण्यासाठी आहेत. एवढ्या मोजक्या गरजेसाठी एवढा मोठा खटाटोप पूर्वजांनी केला, कारण त्या एका पाण्यावर वर्षाची चूल अवलंबून होती.

आता पाळीकडे जरा जवळून पाहू. लोकांना वाटतं, माती पाणी अडवते. खरं म्हणजे माती पाणी पूर्ण अडवत नाही. पाणी तिच्यातून सरकतच असतं. चांगली पाळ त्याला सावकाश सरकायला लावते आणि सरकताना सोबत मातीचा कण नेऊ देत नाही. मातीच्या धरणाचं सगळं शास्त्र या दोन गोष्टींत आलं. म्हणून मधला गाभा चिकण मातीचा करतात आणि दोन्ही बाजूंनी मुरमाचं कवच चढवतात. गाभा जमिनीवर नुसता ठेवून चालत नाही, खाली खंदक खणून कठीण थरापर्यंत उतरवावा लागतो. माती पातळ थरांनी टाकून प्रत्येक थर दाबावा लागतो. माती फार कोरडी असली तर दाबूनही जुळत नाही, फार ओली असली तर दाबलीच जात नाही. मुठीत दाबली की गोळा व्हावा आणि हाताला चिकटू नये, इतपत ओल हवी. आतल्या उतारावर दगड लावतात, कारण वाऱ्यानं उठणाऱ्या लाटा रोज थोडी थोडी माती खातात. पाणी सोडायला तुडुम असतो आणि जादा पाणी निघून जायला सांडवा.

एवढं सगळं नीट केलं तरी पाळीवर तीन संकटं कायम असतात.

पहिलं संकट वरून येतं. दगडी बंधाऱ्यावरून पाणी गेलं तरी बंधारा टिकू शकतो. मातीच्या पाळीवरून पाणी जाऊ लागलं, की ती कापली जाते. म्हणून सांडवा मोकळा राहणं हे पाळीच्या जिवाचं काम आहे. पण आपण करतो काय? मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्याला जाळी बांधतो. जाळीत गवत आणि पालापाचोळा अडकतो. एखाद्या वर्षी चार दिवसांचं पाणी जास्त मिळावं म्हणून सांडव्यात वाळूच्या गोण्या रचतो. रात्री जोराचा पाऊस आला, की त्या जाळीची आणि गोण्यांची किंमत सगळं गाव मोजतं.

दुसरं संकट पोटातून येतं. खेकडे, उंदीर आणि घुशी पाळीत बिळं करतात. पाळीवर वाढलेलं मोठं झाड मेलं, की त्याची मुळं कुजतात आणि आत पोकळी राहते. पाण्याला अशी वाट सापडली, की ते माती घेऊन बाहेर पडू लागतं आणि वाट आतल्या आत रुंद होत जाते.

तिसरं संकट तुडुमाच्या नळाशी असतं. माती आणि बांधकाम जिथे एकमेकांना भिडतात, तिथे दोघांचा सांधा कच्चा राहतो. 12 जुलै 1961 रोजी पानशेत फुटलं आणि पुण्यात हाहाकार झाला. मातीच्या त्या धरणाचं काम पुरं व्हायच्या आधीच त्यात पाणी साठलं होतं, आणि खचण्याची सुरुवात पाणी सोडायच्या मोरीच्या बाजूनंच झाली होती. धरण मोठं असो की लहान, मातीचा स्वभाव एकच असतो.

ही तिन्ही संकटं फार आधी दिसतात, आणि ती पाहायला इंजिनियरच लागतो असं मुळीच नाही. गुरुजी दरवर्षी मृगाच्या आधी वरच्या वर्गातल्या मुलांना पाळीवर न्यायचे. मुलांच्या हातात काठ्या असत. दिसेल त्या बिळाशी एक खुंटी ठोकायची आणि किती खुंट्या ठोकल्या ते वहीत लिहायचं. तलाव भरला, की पाळीच्या पायथ्याशी पाझरणारं पाणी मुलं काचेच्या बाटलीत भरून आणायची आणि बाटली वर्गाच्या खिडकीत ठेवायची. दुसऱ्या दिवशी बाटलीच्या तळाशी काहीच बसलं नाही, तर पाझर नितळ आहे, त्यावर फक्त नजर ठेवायची. तळाशी मातीचा थर दिसला, की गुरुजी त्याच दिवशी सरपंचांकडे जायचे, कारण मग पाळीच्या पोटातली माती बाहेर पडते आहे. धरणाची तपासणी याहून सोपी करता येत नाही आणि याहून खरीही करता येत नाही. स्वच्छ पाझर सहन करता येतो. गढूळ पाझर हा इशारा असतो.

असा इशारा मिळूनही कोणी हललं नाही, तर काय होतं ते आपण पाहिलं आहे. 2 जुलै 2019 च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यात, चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. मातीचं लहान धरण होतं आणि उभं राहून जेमतेम दोन दशकं झाली होती. वीसहून अधिक माणसं वाहून गेली. धरण गळतं आहे असं गावकऱ्यांनी आधीच कळवलं होतं. फुटल्यावर खेकड्यांवर दोष ठेवला गेला. खेकडा पाळ पोखरतो हे खरं आहे आणि तो पुढेही पोखरत राहणार. ते बीळ वेळेत पाहणं आणि बुजवणं हे माणसाचं काम आहे. तिवऱ्याच्या लोकांनी धोका पाहिला होता, पण तो दूर करायचा अधिकार त्यांच्या हातात नव्हता. ज्याला धोका दिसतो त्याच्याकडे अधिकार नाही आणि ज्याच्याकडे अधिकार आहे तो पाळीखाली राहत नाही, हे त्या रात्रीचं खरं कारण आहे, असं मी पुऱ्या जबाबदारीनं म्हणतो.

आपल्या तलावांच्या बाबतीत ही फारकत झाली ती 1951 मध्ये. तोवर हे तलाव मालगुजारांच्या, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या, हाती होते. ही मालगुजारी नाहीशी करणारा कायदा 1950 चा. त्याचा अंमल पुढल्या वर्षी सुरू झाला आणि तलाव सरकारजमा झाले. मालगुजारी जायलाच हवी होती, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. त्या व्यवस्थेत वेठ होती, जुलूम होता. पाळीवर घाम गाळणाऱ्या कितीतरी घरांना बांधीभर जमीन नव्हती आणि तलावाखालची उत्तम जमीन मोजक्या हातांत होती. पण त्या व्यवस्थेत एक गोष्ट पक्की होती. उन्हाळ्यात पाळीवर माती पडत असे, कारण ज्याच्या हाती पाणी होतं त्यालाच पाळ फुटण्याची भीती होती. आपण जुलूम काढून टाकला हे चांगलं झालं. त्यासोबत ती भीती आणि ती जबाबदारीही काढून टाकली, आणि तिच्या जागी दुसरं काहीच आणलं नाही.

पुढे काय झालं ते तुमच्यातल्या वयस्क मंडळींना माहीत आहे. निस्तार हक्कानं, म्हणजे गावाच्या जुन्या वापरहक्कानं, पाणी मोफत मिळालं पाहिजे, आमच्या वाडवडिलांनी बांधलेल्या तलावाची पाणीपट्टी आम्ही का भरावी, असं शेतकरी म्हणाले. पट्टी नाही तर दुरुस्तीला पैसा कुठून आणायचा, असं सरकार म्हणालं. 1962 मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि बहुतेक लहान तलाव त्यांच्याकडे गेले. दोन्ही बाजूंचं म्हणणं आपापल्या जागी समजण्यासारखं होतं. पण या वादात दशकं गेली, तलावात गाळ बसला, काठावर अतिक्रमणं झाली, बेशरम या झुडपाचं रान माजलं आणि पाळी खचल्या. 1988 मध्ये गोसेखुर्दचं भूमिपूजन झालं, आणि मोठं पाणी येणार या आशेवर लहान पाण्याकडे आणखी दुर्लक्ष झालं.

हीच कथा पश्चिम महाराष्ट्राच्या पाझर तलावांची. 1972 च्या दुष्काळात लाखो माणसांनी खडी फोडली, माती वाहिली. त्या घामातून गावोगाव मातीचे बांध उभे राहिले. उपाशी माणसाला काम मिळालं, ही फार मोठी गोष्ट झाली. त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा आला. पण मजुरी वाटून झाली आणि हजेरीपट बंद झाला, तेव्हा बांध कोणाचा या प्रश्नाला उत्तर राहिलं नाही. बांधणाऱ्याला मजुरी मिळाली, पाणी मात्र ज्याची विहीर खाली होती त्याला मिळालं. मग बांधणाऱ्यानं तो राखावा कशासाठी?

या प्रश्नाला सरळ उत्तर देणारा एक माणूस महाराष्ट्रात होऊन गेला. विलासराव साळुंखे पुण्याचे इंजिनियर आणि उद्योजक होते. 1972 चा दुष्काळ पाहून ते पुरंदर तालुक्यात गेले. नायगावला देवस्थानची 40 एकर उजाड जमीन त्यांनी दीर्घ मुदतीच्या करारानं घेतली, उतारावर बांध घातले, खाली पाझर तलाव केला, विहीर खणली आणि त्या माळावर पीक उभं केलं. एवढ्यावर ते थांबले असते तर एक यशस्वी शेतकरी म्हणून त्यांचं नाव राहिलं असतं. त्यांनी पाणी पंचायत उभी केली आणि पाणी वाटण्याचा नियमच बदलला. पाणी जमिनीच्या मापानं द्यायचं नाही, घरातल्या माणसांच्या संख्येनं द्यायचं. माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. उसाला पाणी नाही. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्यासोबत जाणार नाही. आणि खर्चाचा काही भाग प्रत्येकानं स्वतः उचलायचा.

हे नियम किती मोठे आहेत, याचा विचार करा. मालगुजारीत राखण होती, न्याय नव्हता. सरकारी काळात न्यायाची भाषा होती, राखण नव्हती. नायगावनं दोन्ही गोष्टी एकत्र आणल्या. ज्याला वाटा आहे तो राखतो, आणि वाटा सगळ्यांना असल्यामुळे राखणही सगळ्यांची होते. महात्मा फुल्यांनी शेतकऱ्यांची स्थिती मांडताना डोंगरउतारावर पाणी अडवणाऱ्या बंधाऱ्यांची मागणी केली, ती 1883 मध्ये. पाणी अडवणं आणि शेतकऱ्याचं माणूसपण या दोन गोष्टी आपल्या विचारपरंपरेत तेव्हापासून एकत्र आहेत.

आपल्या तलावावर हक्क म्हणताना मी फक्त शेतकऱ्याविषयी बोलत नाही. मासेमारी करणाऱ्या ढीवर समाजाची उपजीविका या पाण्यावर आहे. मरळ, शिंगूर, वागूर हे आपल्या तलावातले मासे. उथळ काठावर देवधान हा रानभात उगवतो, पाणवनस्पती वाढतात, तिथे मासे अंडी घालतात, तिथे पक्षी उतरतात. महाराष्ट्रात सारस क्रौंच दिसतो तो मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात, आणि तो याच तलावांच्या आणि धानाच्या बांध्यांच्या आधारानं. अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढीवर बायांनी गुडघाभर चिखलात उतरून बेशरम उपटली आणि देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. हे काम मला कोणत्याही बांधकामाइतकंच मोलाचं वाटतं. तलाव त्यांना आपला वाटला म्हणून ते झालं.

याच कारणासाठी गाळ काढण्याच्या कामाबद्दल एक गोष्ट बजावून सांगतो. 2017 पासून गाळ काढून शेतात टाकण्याची सरकारी योजना आहे आणि ती चांगली आहे. पण पोकलेन आलं, की सगळा तलाव सारखा खोल खरवडून काढायचा मोह होतो. पाळीच्या आतल्या पायथ्याशी खणू नका, पाळीचा आधार जातो. तळाचा चिकण थर फोडू नका, मग पाणी जमिनीत जातं आणि हस्ताच्या वेळी तलाव रिकामा राहतो. उथळ काठ खणू नका, तो माशांचा आणि देवधानाचा आहे. कुठे किती खणायचं हे ठरवताना ढीवरांना विचारा. तलावाचा तळ त्यांच्या पायांना पाठ असतो.

आता कायद्याविषयी थोडं. 2021 मध्ये देशात धरण सुरक्षा कायदा झाला. त्याची व्याप्ती 15 मीटरपेक्षा उंच धरणांवर आणि काही अटींनी 10 ते 15 मीटर उंचीच्या धरणांवर आहे. आपले बहुतेक तलाव त्याच्या कक्षेबाहेर राहतात. म्हणजे आपल्या पाळी तपासायला त्या कायद्यानं कोणी येणार नाही. त्या आपणच तपासायच्या आहेत. मात्र तपासण्याचा आणि सांभाळण्याचा हक्क मागण्यासाठी कायदे आपल्या बाजूला आहेत. 1996 च्या पेसा कायद्यानं अनुसूचित क्षेत्रातल्या लहान जलसाठ्यांचं नियोजन आणि व्यवस्थापन पंचायतींकडे सोपवलं आहे. 2006 च्या वनहक्क कायद्यानं जलसाठ्यातल्या मासळीवरचा आणि इतर उत्पन्नावरचा सामूहिक हक्क मान्य केला आहे. सामूहिक हक्क हाती आल्यावर गाव काय करू शकतं, हे गडचिरोलीतल्या मेंढा लेखा या गावानं देशाला दाखवलं. सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देणारा महाराष्ट्राचा कायदा 2005 चा आहे. आणि निस्तार पत्रक व वाजिब-उल-अर्ज हे दस्तऐवज तर आपल्या भागाचा जुना ठेवा आहेत. गावाच्या पाण्याविषयीचे रिवाज त्यांत नोंदलेले असतात. आपल्या गावाचे हे कागद किती जणांनी डोळ्यांनी पाहिले आहेत? तरुणांनी ते काढून आणावेत आणि चावडीवर मोठ्यानं वाचावेत.

कामाचं बोलून थांबतो. प्रत्येक तलावाची एक समिती असावी, आणि तिच्यात तलावाखालचा शेतकरी, ढीवर, भूमिहीन मजूर आणि बाया सगळे असावेत. मृगाच्या आधी एकदा आणि तलाव भरल्यावर दर आठवड्याला पाळीची फेरी व्हावी. बिळं बुजवावीत, पाळीवरची झुडपं लहान असतानाच काढावीत, सांडव्यात जाळी किंवा गोणी दिसली तर त्याच दिवशी काढावी. पाझराचं पाणी बाटलीत भरून पाहायचं काम शाळेकडे द्यावं. पट्टी थोडी असली तरी चालेल, पण ती गावाच्याच खात्यात जमा व्हावी आणि त्याच पाळीवर खर्च व्हावी. ज्याला पैसा देता येत नाही त्यानं दिवसाचं काम द्यावं. आणि ज्यानं पैसा किंवा काम दिलं, त्याच्याकडे जमीन असो वा नसो, त्याला पाण्यात किंवा मासळीत वाटा मिळावा. मोठ्या दुरुस्तीचा खर्च सरकारनंच करायचा आहे, तो आपला हक्क आहे. पण सरकारचा रुपया कुठे लागला आणि कसा लागला, हे पाहणारी नजर गावाची हवी.

1 मेला गावोगाव ग्रामसभा भरते. पावसाच्या आधीची ती योग्य वेळ आहे. माझी कळकळीची विनंती आहे, की येत्या ग्रामसभेत तलाव हा पहिला विषय घ्या आणि त्या दिवशी एक वही उघडा. पाळीवर कोणी काम करायचं आणि पाण्यात कोणाचा किती वाटा, या दोन्ही गोष्टी तिच्यात नावानिशी, एकाच पानावर लिहा. गुरुजींची स्मृती जपायची असेल, तर ही वही प्रत्येक तलावाखालच्या गावात उघडली गेली पाहिजे.